सगळ्यांचेच फोन बंद

"मावशी, मी एकटीने फोन ठेवला तर रात्री ग्रुपवर काय झालं ते सकाळी वर्गात फक्त मलाच माहीत नसणार."

भाची नववीत आहे. जेवताना फोन बाजूला ठेव, एवढंच म्हटलं होतं मी. चिडली नाही, उलट शांतपणे मलाच समजावलं. तेव्हापासून तिचं ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

त्या वयात मैत्रिणींनी वगळलं तर किती लागतं! आणि आपण मुलांना मनावर ताबा ठेवायला सांगतो. कधी संपतच नाही अशा फीडसमोर बसवून.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये वेगळा मार्ग काढला. संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला, मोठ्यांचेही फोन बाजूला. सगळ्यांचेच बंद, म्हणून कुणी मागे राहत नाही. मला यातलं हेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

एका वर्गातल्या पालकांनी मिळून रात्री ९ नंतर मुलांचे फोन बंद ठेवायचं ठरवलं तर? तुमच्याकडे कुणी केलंय का असं? नक्की सांगा, भाचीच्या वर्गातल्या पालकांशी बोलायचंय मला.