मोहरी चढली!

रविवार, म्युनिक

फ्रिजच्या दारात मोहरीच्या बाटल्यांची रांग लागली आहे, आणि लोणच्यासाठी एकीनेही माझं समाधान केलेलं नाही. ह्या गावात मोहरी म्हटली की आधी गोडच पुढे येते. तपकिरी, भरड, साखरेची. १८५४ साली योहान कॉनराड डेव्हेलाय नावाच्या गृहस्थाने ती इथेच काढली आणि पांढऱ्या सॉसेजसोबत, दुपारचे बारा वाजायच्या आत, ती खायची असा रिवाज आहे. मी सॉसेज खात नाही. ऑफिसात तो नाश्ता असला की मी ब्रेत्सेलचा, म्हणजे इथल्या पीळदार पावाचा, तुकडा त्या मोहरीत बुडवून खाते. वाईट लागत नाही, पण ती मोहरी नव्हे, मुरंबा!

मग ‘मिटेलशार्फ’, म्हणजे मध्यम तिखट. (कोणाच्या मानाने मध्यम, हे जर्मनांनाच ठाऊक.) त्यानंतर ड्युसेलडॉर्फची ‘एक्स्ट्रा शार्फ’. हिला मात्र झणका आहे, नाकात नीट जातो. पण जिभेवर आधी व्हिनेगर येतं, आणि आपल्या लोणच्याला ते चालत नाही.

शेवटी आज सकाळी भारतीय दुकानातून आणलेली मोहरी काढली. आईला फोन लावला. तिचं उत्तर नेहमीप्रमाणे दोन वाक्यांत: “गार पाण्यात फेस. आणि तोंड बाजूला ठेव.”

गारच का, ते तिने कधी सांगितलं नाही, पण कारण पक्कं आहे. दाण्यात तिखटपणा तयार नसतोच; म्हणून तर अख्खी मोहरी चावली तरी सुरुवातीला नुसती कडवट लागते. सिनिग्रिन नावाचं द्रव्य एका जागी आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम दुसरीकडे, असे ते वेगवेगळे बसलेले असतात. दाणा फुटून पाणी लागलं की दोघांची गाठ पडते आणि नाक झोंबवणारं तेल सुटतं. पाणी उकळतं असलं तर एन्झाइम मरतं, आंबट आधीच पडलं तर त्याचा जोर कमी होतो. तेल उडून जाणारं, त्यामुळे फेसलेली मोहरी उघडी राहिली की तासागणिक मवाळ होते. बाटलीतल्या मोहरीत व्हिनेगर घालतात ते झणका टिकवायलाही. टिकतो, पण ताज्या मोहरीची सर येत नाही.

पिवळ्या मोहरीचं तिखट वेगळं. ते जिभेला लागतं, नाकापर्यंत जात नाही. त्यामुळे दुकानात पिवळी स्वस्त मिळत होती तरी घेतली नाही.

मोहरी आधी कोरडीच दळली, मग गार पाणी थोडं थोडं घालत मिक्सर फिरवला. रंग फिका होऊन मिश्रण फुगायला लागलं. झाकण उघडून वास घेतला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. चढली! नवरा बाहेरच्या खोलीतून “काय जळलं?” म्हणाला. ह्या माणसाचं बालपण नक्की कुठे गेलं, कोण जाणे.

दहा मिनिटं झाकून ठेवली. तोवर गाजर, फ्लॉवर, नवलकोल चिरले. इथला नवलकोल आपल्याकडच्यापेक्षा कोवळा मिळतो, एवढं कबूल करायला हवं. मीठ, हळद, लाल तिखट, त्यावर मोहरी, मग लिंबाचा रस आणि सगळ्यात शेवटी हिंगाची फोडणी, पूर्ण गार करून. गरम ओतली असती तर आईचा दुसरा फोन आला असता.

संध्याकाळी वरणभाताबरोबर वाढलं. नवऱ्याने तिसऱ्यांदा घेतलं आणि नाक पुसलं. ऑफिसातल्या सहकारिणीने मोहरीबद्दल विचारलं होतं, म्हणून उद्या तिच्यासाठी एक छोटी बरणी नेते. ती इथल्या बवेरिया प्रांतातलीच, तेव्हा ब्रेत्सेल सोबत आणायला सांगितला आहे.

पुढच्या वेळी: नवलकोल जास्त, लिंबू अर्धं, आणि मोहरी रात्री न फेसता खायच्या दिवशीच फेसायची.