मेहरूणच्या काठावरची सकाळ

आज पहाटे जळगावच्या मेहरूण तलावाकाठी ताई ची या संथ हालचालींच्या चिनी युद्धकलेचा सराव करताना एक गोष्ट प्रथमच अंगवळणी पडल्यासारखी वाटली. १९५६ साली चीनमध्ये सर्वसामान्यांसाठी बसवलेला २४ हालचालींचा सोपा क्रम मी आठ महिन्यांपासून करते आहे. परंतु शरीराचा सगळा भार एका पायावर गेल्याशिवाय दुसरा पाय उचलायचा नाही, हा नियम माझ्याकडून सतत मोडत असे. आज आधी टाच टेकली, मग सावकाश तळवा, आणि गेल्या वर्षी जिन्यावर मला रडवणारा गुडघा अजिबात कुरकुरला नाही.

त्यानंतर शेजारच्या वहिनींसोबत मनगटाला मनगट लावून ‘तुई शौ’ हा ताई चीमधला जोडीने करायचा सराव केला. त्यांनी जोर लावताच मी उलट जोर न लावता कंबर वळवली, तेव्हा त्यांचा तोल त्यांच्याच जोराने पुढे गेला. साठीच्या बाईला ताकदीच्या भरवशावर राहता येत नाही, म्हणून स्वसंरक्षणाचे हे तत्त्व मला फार मोलाचे वाटते. अर्थात खरोखर प्रसंग आलाच, तर आधी तिथून निघून जावे, असेच मी सांगेन.

शेवटी छी कुंग या श्वास आणि संथ हालचालींच्या चिनी व्यायामपद्धतीतील ‘बादुआनजिन’ हा आठ हालचालींचा क्रम केला. उद्या वहिनी सासूबाईंनाही आणणार आहेत. त्या खुर्चीवर बसून करतील.