मालागात जुनं काय बघायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर मालागात राहते हे कळलं की ओळखीतले बहुतेकजण एकच विचारतात : "आम्ही ग्रनाडाचा अलांब्रा राजवाडा बघायला येतोय, विमान मालागाला उतरतं. तिथे दिवसभर थांबण्यासारखं जुनं काही आहे का?" आहे. आणि एक दिवस पुरायचा नाही, दोन ठेवा.

ऊन चढायच्या आत अल्कासाबिया रस्त्यावर या. समोर रोमन नाट्यगृहाच्या दगडी पायऱ्या आणि त्यांच्या डोक्यावर अल्कासाबाचे तट. नाट्यगृह सम्राट ऑगस्टसच्या काळातलं, पण गावाला त्याचा पत्ता लागला १९५१ साली. तेव्हा तिथे सरकारी सांस्कृतिक भवन उभं होतं. त्याच्या पुढ्यात बाग करायला खणलं आणि पायऱ्या लागल्या. पुढे १९९५ मध्ये ते भवनच पाडून नाट्यगृह मोकळं केलं. मला या गावाचं कौतुक वाटतं ते इथपासून.

मग वर चढा. अल्कासाबा हा अकराव्या शतकातला, मुस्लिम राज्यकर्त्यांचा बालेकिल्ला. दरवाजातून आत शिरलं की काटकोनात वळावं लागतं. आपल्याकडच्या गोमुखी दरवाजाचं जे कारण, तेच इथलं : शत्रूला सरळ धाव घेता येऊ नये. पण पाहुण्यांना मी थांबवते ती स्तंभांच्या दरवाजाशी. कमान घोड्याच्या नालासारखी, अरबी धाटणीची. तिला पेलणारे खांब मात्र संगमरवरी, रोमन. खालच्या नाट्यगृहाचा दगड उचलून गड उभा केला. जवळ जाऊन बघा, खांबाच्या माथ्यावरची नक्षी झिजलेली आहे, आणि हजार वर्षं ती दुसऱ्याच लोकांची कमान डोक्यावर घेऊन उभी आहे.

तिथून मागच्या डोंगरावर हिब्राल्फारो किल्ला दिसतो. १४८७ मध्ये इसाबेल आणि फर्नांडो या ख्रिस्ती राजदांपत्याच्या सैन्याने शहराला तीन महिन्यांहून जास्त वेढा घातला. उपासमारीने शहर शरण आलं आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांना गुलाम केलं गेलं. वरून बंदराचे फोटो सगळेच काढतात. काढाच, पण जरा वेळ ही माणसंही आठवा.

कॅथेड्रल जुन्या मशिदीच्या जागेवर आहे. काम १५२८ ला सुरू झालं, १७८२ ला थांबलं, आणि दोनांपैकी एक मनोरा अर्धाच राहिला. म्हणून गावकरी त्याला लाडाने 'ला मांकिता' म्हणतात, म्हणजे एका हाताची बाई. पिकासो इथलाच, त्याचं संग्रहालय तुम्ही बघालच. फक्त तळघरात उतरल्याशिवाय बाहेर पडू नका. तिथे फिनिशियन लोकांच्या, म्हणजे रोमनांच्याही आधीच्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या, तटाचे अवशेष आहेत.

दुपारी अतारासानास मंडईत जा. मासळी आणि ऑलिव्हच्या गजबजाटात शिरण्याआधी दरवाजाकडे वर बघा. ही ग्रनाडाच्या नासरी घराण्याच्या सुलतानांच्या गोदीची कमान, समुद्र तेव्हा इथवर यायचा. 'अल्लाहशिवाय विजेता कोणी नाही' हे त्यांचं ब्रीद अजून कोरलेलं आहे. अलांब्रात हेच शब्द भिंतीभिंतीवर भेटतील, तेव्हा ही मंडई आठवेल.

मंडईपासून पाच मिनिटांवर एक साधा लोखंडी पूल आहे, जर्मनांचा पूल. १९०० च्या डिसेंबरात 'ग्नाइझेनाउ' हे जर्मन आरमारी जहाज बंदराच्या धक्क्याशी फुटलं. वादळात गावकऱ्यांनी जीव धोक्यात घालून खलाशांना ओढून काढलं. पुढे १९०७ च्या पुरात इथले पूल वाहून गेले, तेव्हा त्या उपकाराची आठवण ठेवून जर्मनीने हा पूल दिला. तसं पुलावरच लिहिलंय.

जे खलाशी वाचले नाहीत ते इंग्रजी स्मशानभूमीत आहेत. दुसऱ्या दिवसाची सकाळ मी तुम्हाला तिथे घालवायला सांगेन. १८३१ च्या सुमाराची, स्पेनच्या मुख्य भूमीवरची पहिली प्रोटेस्टंट स्मशानभूमी. त्याआधी परक्या पंथाच्या माणसाला रात्री मशालींच्या उजेडात किनाऱ्यावरच्या वाळूत पुरत. आतल्या जुन्या भागात जा. तिथल्या थडग्यांवर समुद्रातले शिंपले ओळीने बसवलेत, आणि त्यातली कितीतरी थडगी हातभर लांबीची आहेत, लहान मुलांची.