लेकीची कॉलेजची तयारी आणि माझा कोतवाल बुकाचा अभ्यास

आधीच सांगते, अभ्यास कसा करून घ्यायचा ते मला विचारू नका. अभ्यास तिचा तिने केला, मी पहाटे चहा करून दिला एवढंच. सातवीपासून बारावीपर्यंत मी तयारी केली ती कागदांची, आणि त्यातला एक कागद असा अडकला की अजून आठवलं की डोकं फिरतं, म्हणून लिहितेय.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मुलगी नुकतीच आठवीत गेली होती. आमचं गाव समुद्राला लागून, वादळाच्या अगदी वाटेत. कौलं गेली, माड आडवे, नि माळ्यावरची सासऱ्यांची ट्रंक दोन दिवस पावसात भिजत पडली. तिच्यात त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला होता, वाळत घालायला काढला तर हातात लगदाच आला. घरावर छप्पर नाही तिथे त्या कागदाचं कोण रडणार, दिला टाकून. सासरे जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती, मला वाटलं आता कोणाला लागणार हा.

आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते, सरकारी नि अनुदानित शाळेतल्या मुलांना, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे. लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. लाईट नाही, नेटवर्क नाही, पोरं रेंजसाठी सड्यावर जाऊन बसायची, तशात तिने केली आणि लागली. पैसे मात्र सहा महिने आलेच नाहीत कारण आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं नि शाळेत वेगळं. ते नीट केलं. सातवीतच शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधलं नाव, जन्मतारीख, जात आपल्या डोळ्यांनी बघून घ्या, कारण दहावी होऊन दाखला हातात पडला की मग दुरुस्तीसाठी वर शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जावं लागतं.

दहावी झाली, सायन्स घेतलं, यात सांगण्यासारखं काही नाही. अकरावीत डिसेंबर २०२३ मध्ये कॉलेजने सांगितलं की ज्यांना रिझर्वेशनमधून इंजिनिअरिंगला जायचंय त्यांनी आत्ताच जात पडताळणीचा, म्हणजे जातीचा दाखला तपासून व्हॅलिडिटी घ्यायचा, फॉर्म भरा. आम्ही कुणबी, ओबीसीत. मी ऑनलाईन भरला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र केलं, फॉर्मवर कॉलेजचा सही-शिक्का घेतला. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणजे सासऱ्यांचाच. म्हणजे तोच लगदा.

म्हटलं ठीक आहे, गावच्या मराठी शाळेत रजिस्टर असेलच. गुरुजी चांगले, कपाट उघडून १९५१ चं रजिस्टर काढून दिलं, पुढे जात हिंदू कुणबी अशी स्वच्छ लिहिलेली. उतारा घेतला, लावला, आणि दोन महिन्यांनी मेसेज आला, त्रुटी. सकाळी सहाची एसटी पकडून जिल्ह्याच्या ठिकाणी पडताळणीच्या ऑफिसात गेले, साडेदहाला दारात, साहेब मीटिंगला, साडेतीनला खिडकीवरच्या माणसाने फाईल काढली नि म्हणाला, “ताई, यात आडनाव कुठंय?” खरंच नव्हतं. नुसतं गोविंद राघो. त्या काळात गावात सगळे एकाच आडनावाचे, गुरुजी कशाला लिहितायत! मी म्हटलं, अहो वाडीत राघोचा गोविंद एकच होता. तर म्हणे, “ते तुम्ही सांगताय, कागद सांगत नाही.” वाक्य बरोबर होतं त्याचं, पण सकाळपासून उपाशी माणसाला ते ऐकवू नये.

कोतवाल बुक आणा म्हणाला. गाव नमुना नंबर १४, जन्ममृत्यूची जुनी नोंद, ती तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असते. नकलेसाठी अर्ज केला. पुढच्या सोमवारी या. गेले, तर रेकॉर्ड कीपर रजेवर. त्याच्या पुढच्या सोमवारी बुक सापडलं, पानं हात लावला की सुटत होती, आणि सगळं मोडी लिपीत! आमच्या घरात कोणी मोडी वाचणारं नाही, गावात होते ते एक आजोबा वारले. आणि तेव्हाच राज्यभर मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायचं काम चालू होतं, न्यायमूर्ती शिंदे समितीचं, त्यामुळे जो मोडी वाचणारा मिळे तो तिकडे गुंतलेला. आम्ही पिढ्यानपिढ्या कुणबी, दाखल्यावर कुणबी, आणि आम्हालाच कुणबी वाचून दाखवणारा माणूस मिळेना, हसावं का रडावं. शेवटी मे संपता संपता एक मिळाले, त्यांनी सहीनिशी लिप्यंतर करून दिलं: राघो गोपाळ यास मुलगा झाला, जात कुणबी, साल १९४४. आडनाव इथेही नाही!!

मिस्टर मुंबईला, फोनवर म्हणतात, सोड ना, ओपनमधून बघू. मी म्हटलं, सहा वेळा एसटीचे धक्के खाल्लेत, आता मी सोडत नाही.

मार्ग सांगितला तो तलाठ्याकडच्या कोतवालाने, कोणा साहेबाने नाही. म्हणाला, वहिनी, राघो आजा मेल्यावर जमिनीला वारस लागले असतील ना, तो फेरफार काढा. आणि खरंच, त्या जुन्या फेरफारात, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदीत, राघो गोपाळ यांचं आडनावासकट नाव, खाली वारस म्हणून गोविंद नि त्यांचे भाऊ, सगळे आडनावासकट. एका कागदाने शाळा नि कोतवाल बुक दोन्ही जोडले गेले. तुमच्याकडेही आडनावाचा घोळ असेल तर आधी फेरफार काढा, मग बाकीचे धंदे.

तो लावला जुलैत. तरी फाईल हलेना.

मग गणपती आले, २०२४ चे. आरतीनंतर प्रसाद खाताना जाऊबाईंच्या तोंडून निघालं, “आमच्या यांना कुठे एवढा त्रास झाला व्हॅलिडिटीला, तीन महिन्यांत आली.” मी हातातला मोदक खाली ठेवला. आमचे चुलत भावोजी ग्रामपंचायतीला राखीव जागेवर उभे होते, तेव्हा त्यांना जातवैधता काढावीच लागली होती. मी स्वतः मत दिलंय त्यांना! आणि वडिलांकडच्या रक्तनात्यात एकाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर तीच सगळ्यात मोठा पुरावा, फॉर्ममध्ये तसा सरळ प्रश्न असतो, तिथे मी “नाही” लिहिलं होतं. वंशावळीत त्यांचं नाव मी माझ्या हाताने घातलेलं. पण काजूच्या एका झाडावरून आमचं नि त्यांचं तीन वर्षं बोलणं नव्हतं, विचारणार कोण. जाऊबाई गणपतीपुरत्या बोलतात तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओटीवर गेले. भावोजी काही न बोलता आत गेले, झेरॉक्स आणली, वर स्वतः सही करून दिली. मला तेव्हा काय बोलावं कळेना, मी नुसतं येते म्हटलं.

बारावीची प्रॅक्टिकल चालू असताना व्हॅलिडिटी हातात आली. मी तिचे सहा झेरॉक्स काढले, मूळ कागद प्लॅस्टिकच्या डब्यात घातला नि डबा माळ्यावर नाही, कपाटात ठेवला.

हां, एक राहिलं. ज्यांची मुलं चित्र बरं काढतात त्यांनी चित्रकलेच्या एलिमेंटरी नि इंटरमिजिएट परीक्षा द्यायला लावा, इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला वाढीव मार्क मिळतात, आमच्या बाईंनी सांगितलं म्हणून कळलं. आणि नॉन क्रिमीलेयर, म्हणजे ओबीसीला लागणारा उत्पन्न मर्यादेचा दाखला, काढताना तारीख बघा, ज्या वर्षी ॲडमिशन त्याच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत चाललं पाहिजे, आमच्या शेजारच्या मुलीचं आधीच्या मार्चला संपत होतं, ऐनवेळी सेतूत पळापळ. इंजिनिअरिंगच्या सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही गोळा रिकामा सोडू नको असं मी तिला बजावलं होतं, तर ती म्हणाली आई, गोळे नसतात, कॉम्प्युटरवर असते परीक्षा.

लोणेऱ्याला इंजिनिअरिंगला लागला नंबर, घरापासून फार लांब नाही. उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींची फी आता शासन भरतं, २०२४ पासून, त्यामुळे ते एक ओझं गेलं. होस्टेल, मेस आपलं आपण.

भावोजींचा मुलगा यंदा अकरावीत गेला. जाऊबाई फॉर्म घेऊन माझ्याकडे आल्या होत्या, मी त्या प्रश्नापुढे “होय” लिहून दिलं, लेकीच्या व्हॅलिडिटीची झेरॉक्स लावून दिली. काजूचं झाड अजून त्यांच्याच कुंपणात आहे.