मधमाशी मागितली, निळी आली

आपण मुळात लग्नाचे फोटोग्राफर. चातुर्मासात धंदा बंद म्हणजे बंद, तुळशीचं लग्न लागेपर्यंत कॅमेरा कपाटात. त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटी एका बियाणेवाल्याचा फोन आला की कॅलेंडरसाठी भरीताच्या वांग्याच्या फुलावर बसलेली मधमाशी पाहिजे, एकदम क्लोजअप, तर मी रेट न विचारताच हो म्हणून बसलो. घोड्यावर नाचणारा नवरदेव पकडतो आपण, माशी काय चीज आहे!

मावशीचं घर यावल तालुक्यात, बामणोदकडं. भरीताच्या वांग्यांचा हा खास पट्टा, आपल्या जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय. मावशीच्या परसात वांग्याची दहा-बारा झाडं, वालाचा वेल, तुळस, आणि मागं जुन्या धाब्याच्या घराची पडकी मातीची भिंत. सकाळी साडेसातला पोचलो. बारक्या गोष्टी जवळून टिपायची १०० एमएमची मॅक्रो लेन्स, उजेड मऊ करायला फ्लॅशवर चिप्सच्या डब्याचा आणि बटर पेपरचा घरगुती डिफ्यूजर. तुळशीवर सातेरी, म्हणजे आपल्या देशी मधमाश्यांची नुसती झुंबड, पण वांग्याच्या फुलाकडं एक बाई ढुंकून बघेना. दोन तास मी वांग्यासमोर उकिडवा, काटे टोचून घेत, गुडघे गेले पार.

आता हे जे मला नंतर वाचून कळलं ते आधी कळलं असतं तर दोन तास वाचले असते. वांग्याच्या फुलात मध नसतोच. मधली जी पिवळी शंकूसारखी नळी दिसते ना, ते परागकोश, आणि त्यांना फक्त टोकाला बारीक भोकं असतात, मिठाच्या डबीसारखी. ते गदगदा हलवल्याशिवाय पराग बाहेर पडत नाही. सातेरीला तसं हलवता येत नाही, मग ती कशाला येईल? वाऱ्यानं फांदी हलली तरी थोडंफार भागतं म्हणून वांगी लागतात, पण खरं काम दुसऱ्याच माशीचं.

ती आली साडेनवाला. आधी आवाज. साधी गुणगुण वेगळी, ही फुलाला लटकली आणि एकदम बारीक दाढीचं मशीन चालू केल्यासारखं झर्रर्र, थांबली, परत झर्रर्र. जेमतेम सेंटीमीटरभर, पाठीवर तपकिरी लव, पोट काळं आणि त्यावर फिकट निळे चकचकीत पट्टे, पैठणीच्या काठाला असतात तसे. निळ्या पट्ट्याची माशी, शास्त्रीय नाव अमेजिला. एका फुलावर दोन सेकंद, की गेली. मॅक्रोमध्ये वन इज टू वनला, म्हणजे माशी सेन्सरवर खऱ्या मापाची पडते तेव्हा, फोकसची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे डोळा शार्प आला तर मिशी ब्लर, मिशी आली तर डोळा गेला. ऑटोफोकस बंद करून श्वास रोखून अंग पुढं-मागं डोलवत क्लिक करायचं. १४० फ्रेम मारल्या, कामाच्या तीन. त्यातल्या एकीत परागाचा पिवळा धुरळा हवेत उडालेला दिसतो, ती बघून मी तिथंच मातीत बसलो राव.

मावशी चहा घेऊन आली, स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाली, "एवढी धावपळ कायले करतो? संध्याकायी थांब, त्या तुराटीवर निजाले येता त्या."

मला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. पण सहाच्या सुमारास वालाला रोवलेल्या तुराटीवर, म्हणजे तुरीच्या वाळक्या काडीवर, खरंच एक येऊन बसली, मग दुसरी, मग एकमेकींना ढोसत पाच. आणि झोपायची तऱ्हा बघा, जबड्यानं काडी गच्च चावून धरायची आणि पाय पोटाशी घेऊन अख्खं अंग हवेत आडवं. हे असे झोपणारे बहुतेक नर असतात, माद्या मातीत बीळ करून राहतात (पडक्या भिंतीतली ती भोकं!). आता घाई नव्हती. काडी हलत होती तिला कपड्याच्या चिमट्यानं दुसऱ्या काठीला बांधलं, ट्रायपॉड लावला, फोकस केसाकेसानं सरकवत अकरा फ्रेम घेतल्या आणि घरी कॉम्प्युटरवर एकात एक जोडल्या. हिरवट डोळ्यातली जाळी मोजता येईल अशी आली, दोन मोठ्या डोळ्यांच्या मधोमध कपाळावरचे तीन बारके डोळे पण, आणि जबड्याखाली तुराटीचा एक सुटलेला धागा.

बियाणेवाल्यानं मोबाईलवर फोटो सरकवले आणि म्हणाला, "भाऊ, ही तर गोमाशी आहे. आपल्याला पिवळी पाहिजे, मधाच्या बाटलीवर असते ती." मी त्याला फुलाची डबी, भोकं, झर्रर्र सगळं सांगितलं, तो म्हणे, कलर चेंज करून द्या ना, फोटोशॉप येतंच की तुम्हाला. ते काही मी केलं नाही. शेवटी तुळशीवरची सातेरी दिली, पैसे ठरले त्याच्या निम्मे हातात पडले, आणि कॅलेंडर छापून आलं तर त्यावर सूर्यफूल, माशी नेटवरची.

मावसा दिवाळीनंतर ती पडकी भिंत पाडून सिमेंटची बांधणार होता. मी तो फोटो मोठा करून त्याला दाखवला, बराच वेळ चष्मा वर-खाली करून बघत बसला, बोलला काहीच नाही. भिंत अजून आहे. परवा मावशीचा फोन, मला वाटलं तब्येतीचं काही असेल, तर ती म्हणे, "आज सहा आहे रे, मोजल्या मी."