पहिन्याच्या माळावर मार्शल म्हणून एक दिवस

गेली चार वर्षे आमच्या क्लबच्या प्रत्येक ऑफरोड, म्हणजे रस्ता नसलेल्या खडबडीत जागेवरच्या, स्पर्धेला मी गाडी घेऊन जात आलो आहे. या नोव्हेंबरमध्ये मात्र गाडी घरीच ठेवली आणि मार्शल, म्हणजे टप्प्यावर उभे राहून गाड्यांवर लक्ष ठेवणारा आणि गुण मोजणारा माणूस, म्हणून गेलो. पहाटे साडेपाचला क्लबमधल्या एका मित्राच्या जीपमधून नाशिकहून निघालो, सातपूर मागे टाकून त्र्यंबक रस्त्याला लागलो आणि डाव्या हाताला अंजनेरीचा कडा दिसू लागला तोवर चांगले उजाडले होते. त्र्यंबकजवळ घोटीच्या रस्त्याला वळल्यावर दोन्ही बाजूंच्या खाचरांत कापलेला भात आडवा पसरलेला होता. स्पर्धेसाठी पहिन्याच्या अलीकडचा एका शेतकऱ्याचा पडीक माळ घेतलेला होता. वर मुरूम, खाली नाल्यालगत काळी माती आणि मधे काळ्या दगडाचे उघडे कातळ, अशी ती जागा आहे.

मला पाच नंबरचा टप्पा मिळाला. नाल्यात उतरायचे, पाण्याचा खड्डा ओलांडायचा आणि समोरच्या दगडांवरून वर यायचे. माझ्यासोबत क्लबमधले एक ज्येष्ठ काका होते. त्यांनी आल्या आल्या एक सरळ काठी तोडली, खड्ड्यात उभी धरली, जिथवर ती भिजली तिथे लाल दोरा बांधला आणि त्याच्या वर वीतभर अंतरावर दुसरा दोरा बांधून काठी माझ्या हाती दिली. ‘‘दर चार गाड्यांनंतर मोजायचं,’’ एवढेच ते म्हणाले.

त्या काठीने मला जे दाखवले ते चार वर्षे गाडी चालवून कळले नव्हते. प्रत्येक गाडीची चाके तळातला चिखल उपसून मागे फेकतात, त्यामुळे सकाळी गुडघाभर असलेला खड्डा दुपारपर्यंत मांडीपर्यंत पोहोचतो, आणि वरून पाणी तेवढेच गढूळ दिसत असल्याने चालकाला फरक कळायला मार्गच नसतो. बॉनेटपुढचा उतार त्याला दिसतो, तळ दिसत नाही. दुपारी दीडच्या सुमारास पाणी वरच्या दोऱ्यापर्यंत आले, तेव्हा काकांनी लाल फ्लॅग दाखवून टप्पा बंद केला आणि खड्ड्यात दगड व मुरूम भरून घेतल्यावरच पुढची गाडी सोडली. रांगेतल्या काही चालकांना वीस मिनिटे थांबणे जड गेले. मी त्या रांगेत असतो, तर मीही कुरकुर केली असती.

गुण मोजण्याचे कामही वाटते तितके सोपे नाही. गाडी मार्गाच्या कडेच्या खुंटीला लागली, फितीला घासली, मागे घ्यावी लागली किंवा विंच (दोराने गाडी ओढून काढणारे यंत्र) वापरावा लागला, तर आमच्या नियमांनुसार त्याचे दंडाचे गुण वेगवेगळे आहेत. एक मार्शल उजवीकडच्या चाकांकडे पाहतो, दुसरा डावीकडच्या, आणि गाडी बाहेर येताच कार्ड भरून चालकाला दाखवले जाते, कारण संध्याकाळी आठवणीवरून भांडण्यापेक्षा जागेवरच बोलणे बरे. एका टप्प्याला एकच मार्शल असेल, तर पलीकडच्या खुंटीचा निवाडा अंदाजाने होतो, आणि सहा महिने गाडीवर मेहनत घेतलेल्या माणसावर तो अन्याय आहे.

दिवसातला सर्वात महत्त्वाचा प्रसंग तीनच्या सुमाराचा. एक गाडी दगडांच्या पायथ्याशी पोटावर टेकली आणि तिला विंचने ओढायचे ठरले. समोरच्या आंब्याच्या खोडाला रुंद पट्टा गुंडाळला, शॅकल (दोर पट्ट्याला जोडणारी लोखंडी कडी) लावले, दोरावर जाडी गोधडी टाकली. गर्दी मागे ठेवणे माझ्याकडे होते. तेवढ्यात क्लबमधल्या एकाचे पाहुणे मुलाला खांद्यावर घेऊन व्हिडिओ काढायला फितीच्या आत आले. ओळखीचे होते म्हणून मी त्यांना लगेच हटकले नाही, आणि दोर ताणला जाऊ लागला. काकांची शिट्टी वाजली, विंच थांबला, दोर सैल सोडला गेला आणि मग त्यांनी स्वतः त्या पाहुण्यांना हात धरून बाहेर नेले. काही झाले नाही, तरी ती चूक माझी होती. ताणलेल्या दोरात साठलेला जोर शॅकल किंवा हूक तुटताच एका क्षणात सुटतो आणि लोखंडाचा तुकडा काच फोडून आत जातो. म्हणूनच दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणी उभे राहायचे नाही आणि चालू दोर कोणी ओलांडायचा नाही. हे मी पूर्वीही ऐकले होते. मात्र कोणालाही ‘‘मागे व्हा’’ म्हणायला आवाज लागतो, तो मला त्या दिवशी मिळाला.

थार आमच्या नाशिकमध्येच तयार होते आणि राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्याही या जिल्ह्याने पाहिल्या आहेत, त्यामुळे गाडी चालवायला येणाऱ्यांची इथे कधीच वानवा नसते. नावे कमी पडतात ती मार्शलच्या यादीत. मार्शल पुरेसे नसले की एक तर टप्पे कमी करावे लागतात, नाहीतर फितीबाहेर भरकटणाऱ्या गाड्या आजूबाजूचे गवताळ पठार तुडवतात. अंजनेरीच्या नावाने ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची दुर्मीळ जात याच परिसरातली आहे, आणि असे एक पठार चाकांखाली गेले तर पुढच्या वर्षी आपल्याला जागा कोण देईल?

जानेवारीच्या स्पर्धेत आठ टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला तीन माणसे हवीत. आजवर पंधरा नावे आली आहेत. गाडी नसलेल्यांनी आणि नुकतेच सदस्य झालेल्यांनीही संकोच करू नये, कारण आदल्या दिवशी दुपारी माळावरच दोन तास फ्लॅग, शिट्टी, दोर आणि गुणपत्रिका हाताळून दाखवणार आहेत. पायात घोट्यापर्यंतचे बूट, डोक्याला टोपी आणि दिवसभराचे पाणी आणावे. मी पुन्हा पाच नंबरवर असेन, आणि ती काठी मी जपून ठेवली आहे.