लुइसा नॉटिज आणि पन्नास पौंड

शुक्रवार, रात्री

लुइसा नॉटिज काही केल्या डोक्यातून जात नाही. आज कपड्यांना इस्त्री करतानाही तिचाच विचार चालू होता.

इंग्लंडमधल्या एका धनाढ्य व्यापाऱ्याची ही मुलगी. चाळिशी ओलांडलेली, अविवाहित. वडील १८४४ साली गेले आणि प्रत्येक बहिणीच्या वाट्याला सुमारे ६,००० पौंड आले. त्याच सुमारास या बहिणी हेन्री प्रिन्स नावाच्या पाद्र्याच्या भजनी लागल्या. आपल्या देहात देव उतरलाय, असं सांगणारा हा माणूस. सॉमरसेटमधल्या स्पॅक्स्टन गावी त्याने पंथ थाटला. १८४५ मध्ये लुइसाच्या तीन बहिणींची लग्नं त्याच्या अनुयायांशी एकाच दिवशी लागली. तेव्हा बायकोचा पैसा नवऱ्याचाच होई, त्यामुळे पंथाचं आयतंच फावलं.

लुइसाही तिकडे गेली. नोव्हेंबर १८४६ मध्ये भाऊ, मेहुणा आणि चुलतभाऊ यांनी तिला जबरदस्तीने उचलून लंडनला आणलं. पुढे आईनेच तिला हिलिंग्डनच्या मूरक्रॉफ्ट हाउस या खासगी वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. दोन डॉक्टरांचे दाखले आणि जवळच्या कुणाची सही, एवढ्यावर काम भागायचं. न्यायाधीशापुढे नेण्याचा प्रश्नच नव्हता. वेडाचा पुरावा काय, तर प्रिन्सवरची श्रद्धा!

जानेवारी १८४८ मध्ये ती तिथून निसटली. लंडनमध्ये पंथातल्या एका ओळखीच्या माणसाला भेटली आणि सॉमरसेटला जायला पॅडिंग्टन स्टेशनवर पोचली. तिथेच तिला पकडलं. इथे मला पुढचं वाचवेना. आता गाडीत बसायचं तेवढं राहिलं होतं हो! पण त्या ओळखीच्या माणसाने वेड्यांच्या इस्पितळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कमिशनरांकडे धाव घेतली, म्हणून मे महिन्यात ती सुटली.

१८४९ मध्ये तिने घरच्यांवर दावा लावला आणि जिंकलाही. ज्याच्यापासून कुणाला धोका नाही अशा माणसाला कोंडू नये, असं न्यायाधीश पोलॉक म्हणाले. त्यावर डॉक्टर मंडळी खवळली. हॅनवेलच्या इस्पितळात रुग्णांच्या बेड्या काढणारे जॉन कोनोलीसुद्धा पोलॉकांच्या विरोधात उभे राहिले, याचं मला फार वाईट वाटलं. लुइसाला भरपाई मिळाली ५० पौंड.

प्रिन्स लबाड होता याबद्दल मला शंका नाही. लुइसाची बहीण ॲग्नेस गरोदर असताना पंथाने तिला बाहेर काढलं होतं, तेव्हा आईची काळजी काही खोटी नव्हती. पण पोरगी भोळी आहे म्हणून तिला कुलपात ठेवायचं? आणि तिच्या नावावर दमडीही नसती, तर तिघं जण तिला आणायला सॉमरसेटपर्यंत गेले असते का? मला नाही वाटत.

सुटल्यावर तिने पैसा प्रिन्सच्या नावे केला आणि १८५८ मध्ये स्पॅक्स्टनलाच वारली. मग एका भावाने कोर्ट गाठलं. प्रिन्सच्या प्रभावाखाली तिने पैसा दिला, असं ठरवून १८६० मध्ये कोर्टाने तो परत करायला लावला. कायद्याने ते बरोबरही असेल. पण तिच्या मनात काय होतं यावर पुन्हा एकदा दुसऱ्यांनीच निकाल दिला, आणि या वेळी भांडायला ती उरली नव्हती.